मोदकाचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका मावशींनी मला एक शंभर पानी वही दाखवली. त्यांच्या यजमानांचं तीन वर्षं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा. घरप्रार्थनेला आलेल्या एका प्रचारकांनी त्यांना सांगितलं होतं की इतक्या जणांनी गुडघे टेकूनही उत्तर येत नाही, म्हणजे घरात कुठंतरी आज्ञाभंग दडलेला आहे. तो शोधा, कबूल करा, मग बघा. मावशी शोधायला बसल्या. पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात नंबर घालून लिहिलं होतं : चाळीतल्या गणपतीचा मोदक खाल्ला, दोनदा. सासूबाईंना उलट बोलले. सहा महिने दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, चर्चला दिला नाही, आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात, ‘धाकट्याची फी होती’. अशी सहा पानं भरली होती. शेवटच्या नोंदीवर त्या अडल्या होत्या. पंचवीस वर्षांपूर्वी पोटातलं मूल गेलं तेव्हा देवावर रागावून महिनाभर उपासनेला गेल्या नव्हत्या. हे पाप धरायचं का, असं त्या मला विचारत होत्या. मी शाळामास्तर होतो, पाळक नाही. पण आयुष्यभर वह्या तपासल्या. अशी वही तपासायची वेळ कधी आली नव्हती.

वहीची गोष्ट फुटली आणि रविवारी उपासनेनंतर आवारात चहाचे कप हातात घेऊन दोन तट पडले. एक तट म्हणे, प्रचारक कडक बोलले असतील, पण वचनाबाहेर काय बोलले? देव आज्ञा पाळणाऱ्याचं ऐकतो, हे शास्त्रात, म्हणजे बायबलात, छापलेलं आहे. दुसरा तट म्हणे, छे, देव प्रीती आहे, तो कुणाचा हिशेब ठेवत नाही, पापबिप काढायचंच कशाला. संध्याकाळी सारसबागेत फिरताना माझ्या एका विवेकवादी मित्राला हे सांगितलं, तर तो हसून म्हणाला, ‘तुमची प्रार्थना म्हणजे नवसच की रे. फक्त नारळ नाही.’ तिन्ही बाजू गेले काही महिने ऐकतो आहे आणि माझं मत असं बनलं आहे की वाद चुकीच्या जागी चालला आहे. आज्ञापालन आणि प्रार्थनेचं उत्तर यांचा संबंध शास्त्रात आहे, तो पुसून टाकता येणार नाही. पण तो इशारा कुणाला दिलेला आहे? ज्याच्या मुठीत दुसऱ्याचं काहीतरी अडकलेलं आहे, त्याला. आपण मात्र तो नेमका अशा माणसाला ऐकवतो, ज्याच्या हातातून सगळं निसटत चाललं आहे. पत्र खरं आहे, पत्ता चुकलेला आहे.

आधी समोरच्यांचं जे बळकट आहे ते मान्य करतो. योहानाच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात बावीसावं वचन स्वच्छ सांगतं की आपण जे मागतो ते आपल्याला मिळतं, कारण आपण त्याच्या आज्ञा पाळतो. सहासष्टावं स्तोत्र म्हणतं, मनात अधर्म जपला असता तर प्रभूनं ऐकलं नसतं. नीतिसूत्रं तर म्हणतात की जो नियमशास्त्राकडे कानाडोळा करतो त्याच्या प्रार्थनेचाही वीट येतो. ‘देव प्रीती आहे’ एवढ्या एका वाक्यानं ही वचनं झाकून टाकणारे माझे मित्र मला पटत नाहीत. कारण मग असा देव हाती उरतो, ज्याला आपण कामगाराला बुडवून आलो काय किंवा बायकोला मारून आलो काय, सारखंच. जर्मनीत हिटलरच्या काळात डिट्रिश बोनहोफर या पाळकांनी ज्या ‘स्वस्त कृपे’वर, म्हणजे पश्चात्तापाशिवायच्या क्षमेवर, बोट ठेवलं ती हीच. शिवाय दापोडी-येरवड्यात मी अशी घरं पाहिली आहेत, जिथं बापानं दारू सोडली आणि वर्षाच्या आत घराचा रंग बदलला. ती माणसं साक्ष देताना ‘मी आज्ञा मानली आणि देवानं ऐकलं’ म्हणतात तेव्हा त्यांना खोटं पाडायची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही.

आता तेच शास्त्र पुन्हा उघडून पाहू, या वेळी वचन कुणाला उद्देशून आहे याकडे लक्ष ठेवून. यशयाच्या पहिल्या अध्यायात देव म्हणतो, तुम्ही कितीही प्रार्थना करा, मी ऐकणार नाही. तुमचे हात रक्तानं भरले आहेत. कुणाला म्हणतो? यरुशलेमच्या अधिपतींना, जे विधवेचा दावा आपल्यापुढे येऊच देत नाहीत. अठ्ठावन्नाव्या अध्यायात लोक तक्रार करतात की आम्ही उपास केले ते तू पाहत का नाहीस, आणि उत्तर मिळतं : उपासाच्या दिवशीच तुम्ही आपल्या मजुरांना राबवून घेता. मलाखीच्या दुसऱ्या अध्यायात पुरुष वेदीवर आसवं गाळतात आणि अर्पण का स्वीकारलं जात नाही असं विचारतात. कारण दिलं आहे, तू आपल्या तरुणपणच्या बायकोशी विश्वासघात केलास. पेत्राच्या पहिल्या पत्रात, तुमच्या प्रार्थनांत अडथळा येऊ नये म्हणून, असं स्पष्ट म्हटलं आहे, आणि ते नवऱ्यांना म्हटलं आहे : बायकांना मान द्या. गरिबाची आरोळी ऐकून जो कान बंद करतो तो स्वतः आरोळी करील तेव्हा त्याचं कुणी ऐकणार नाही, हे नीतिसूत्रांतलं. वेदीपाशी आल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर दान तिथंच ठेवून आधी समेट कर, हे खुद्द येशूचं.

आणि विधवेला, पोरक्याला, ज्याची मजुरी थकली त्याला काय सांगितलं आहे? निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात देव म्हणतो, त्यांना गांजू नका. गांजलंत आणि त्यांनी माझ्याकडे आरोळी केली तर मी ती ऐकणारच. तिथं विधवेला अट नाही. तिनं शेजारणीकडचा प्रसाद खाल्ला होता का, ही चौकशी नाही. याकोबाच्या पत्रात तर कापणीवाल्यांची दाबून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी जाते. पैशालाही तोंड फुटतं, तिथं मावशींना आधी सहा पानं लिहावी लागतात!

‘पण योहानाचं बावीसावं वचन सगळ्यांनाच आहे ना?’ आहे. म्हणून त्याच्या आगेमागे वाचा, एवढंच म्हणतो. पाच वचनं अलीकडे योहान विचारतो की जवळ संसाराची साधनं असून गरजवंत भावाला पाहून जो मन कठोर करतो त्याच्यात देवाची प्रीती राहील कशी. एक वचन पलीकडे तो ‘आज्ञा’ म्हणजे काय ते उलगडतो : पुत्राच्या नावावर विश्वास ठेवणं आणि एकमेकांवर प्रीती करणं. मोदक नाही, दशांशाची थकबाकी नाही. आणि मध्ये, विसाव्या वचनात, आपलं मन जेव्हा आपल्यालाच दोषी ठरवतं तेव्हा काय, याचं उत्तर दिलं आहे : देव आपल्या मनापेक्षा थोर आहे आणि त्याला सगळं ठाऊक आहे. प्रचारकांनी बावीसावं वचन ऐकवलं. दोनच ओळी वर असलेलं विसावं ऐकवलं असतं तर वही विकत घ्यावी लागली नसती. बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, नगर रस्त्याला पेपल सेमिनरी आणि ज्ञानदीप विद्यापीठ आहे. ईश्वरविज्ञानाचं एवढं शिक्षण ज्या शहरात होतं तिथल्या घरप्रार्थनेत दोन वचनं वर चढायला कुणाला सवड मिळू नये, हे जरा नवलच.

माझ्या मते यात सवडीचा प्रश्न नाही, सोयीचा आहे. आज्ञापालनाची तपासणी सुरू झाली की ती नेहमी मोजता येणाऱ्या बारीक गोष्टींकडे वळते, कारण मोठ्या गोष्टी तपासणाऱ्यालाही अडचणीत आणतात. पुण्याला हे कुणी शिकवायला नको. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या बड्या मंडळींपुढे चहा आला, आणि ख्रिस्त्यांच्या हातचा तो चहा कोण प्यायलं, यावर या शहरात रणं माजली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, रानडे-टिळकांसारख्यांना प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावं लागलं. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचं विधवांसाठीचं शारदासदन मुंबईहून पुण्यात आलं होतं, आणि कोवळ्या वयात केस उतरवलेल्या मुली घराघरात होत्या. त्या मुलींबद्दल कुणाला प्रायश्चित्त पडल्याचं ऐकिवात नाही. चहाबद्दल पडलं. आपण ख्रिस्ती लोक ही गोष्ट मोठ्या चवीनं सांगतो. पण पंचहौदचा तो कप आणि मावशींच्या वहीतला मोदक यांत फरक काय? फक्त पंगत बदलली. येशूनं परूशांना, म्हणजे काटेकोर नियम पाळणाऱ्या यहुदी पंथीयांना, पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशांश मोजताना न्याय आणि दया विसरल्याबद्दल फटकारलं, ते वाचताना आपण ते दुसऱ्या कुणाचं तरी स्वयंपाकघर समजतो. सोयरीक जुळवताना अजूनही आडनावावरून आजोबा मूळचे कोण हे हळूच विचारणारी माणसं आमच्यात आहेत. त्यामुळे कुणाची प्रार्थना अडली, असं कुठल्याच व्यासपीठावरून मी अद्याप ऐकलेलं नाही.

रमाबाईंचं नाव निघालंच आहे तर तिथं थोडं थांबतो, कारण या प्रश्नाचा सगळा इतिहास त्या एका बाईच्या आयुष्यात आहे. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचं कुटुंब तीर्थाटनात होतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान आणि निष्ठावान. शास्त्रात सांगितलं ते सगळं या कुटुंबानं केलं : उपास, स्नानं, अनुष्ठानं, ब्राह्मणांना दानं, देव प्रसन्न होऊन अन्न देईल या भरवशावर जवळचं होतं-नव्हतं ते संपवलं. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रमाबाईंनी पुढं हे स्वतः लिहिलं आहे. आज्ञा तंतोतंत पाळा म्हणजे फळ मिळेल, या हिशेबाचा इतका क्रूर अनुभव घेतलेली बाई १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेते आणि काही काळातच तिथल्या धर्मभगिनींशी तिचा पत्रव्यवहारातून वाद होतो. कशावरून? आज्ञापालनावरूनच. एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टानं झुगारून आलेली मी दुसऱ्या पुरोहितवर्गाचा शब्द परमेश्वराची आज्ञा म्हणून डोळे मिटून घेणार नाही, अशा अर्थाचं त्या लिहितात. तरी या बाईइतकं ख्रिस्ताचं ऐकणारं माणूस महाराष्ट्रात दाखवा. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून पोरक्या मुली गोळा करून त्यांनी केडगावला आणल्या, मूळ हिब्रू-ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर म्हातारपणापर्यंत करत बसल्या.

मग १९२१च्या जुलैत त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. सगळं काम जिच्या हाती सोपवायचं ती. वर्ष उलटायच्या आत, ५ एप्रिल १९२२ला, रमाबाईही गेल्या. केडगावच्या त्यांच्या मुक्तिसदनात त्या मुलीसाठी प्रार्थना झाली नसेल का? रात्ररात्र प्रार्थना करणाऱ्या शेकडो मुलींची ती जागा. आता आमच्या प्रचारकांना मला विचारायचं आहे की केडगावला जाऊन रमाबाईंना तुम्ही वही आणायला सांगितली असती का? नसती, हे त्यांनाही ठाऊक आहे. मोठ्या माणसाच्या बाबतीत ‘देवाची योजना’ आणि चाळीतल्या बाईच्या बाबतीत ‘आज्ञाभंग’, असे दोन तराजू आपण बाळगतो. येशूनं अटकेआधी जिथं प्रार्थना केली त्या गेथशेमाने बागेबद्दल बोलतानाही तेच. हा प्याला माझ्यापासून दूर कर, हे मागणं मरणापर्यंत आज्ञांकित राहिलेल्या पुत्राचं होतं आणि प्याला काही दूर झाला नाही. हे म्हटलं की लगेच उत्तर येतं, ती योजना वेगळी होती. असेल. पण मग कुणाच्या बाबतीत योजना आहे आणि कुणाच्या बाबतीत पाप, हे ठरवण्याचा अधिकार चहाबिस्किटं खाऊन होईपर्यंत आपल्याकडे कुठून येतो?

साक्षींचंही असंच आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात हेरोद राजा योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीनं मारतो. एका ओळीत. मग तो पेत्राला तुरुंगात टाकतो, मंडळी कळकळीनं प्रार्थना करते आणि देवदूत पेत्राला बाहेर काढतो. हे पंधरा-सोळा वचनांत रंगवून आलं आहे. दोघेही प्रेषित, मंडळी तीच. याकोबानं काय मोडलं होतं? आपल्या मेळाव्यांत माइक कायम पेत्राच्या घरच्यांच्या हातात असतो. याकोबाच्या घरचे मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवतात, आणि घरी जाऊन वही काढतात. उलट बाजूही शास्त्रानं लपवलेली नाही. नाबोथाचा जीव घेऊन त्याचा द्राक्षमळा बळकावणारा अहाब राजा गोणपाट नेसून नम्र झाला तर देवानं त्याच्या हयातीतलं अरिष्ट टाळलं. रानात मांसासाठी कुरकुरणाऱ्या इस्राएल लोकांना लावे पक्षी ढिगांनी मिळाले. त्या मागणीला उत्तर आलं, पण त्यासोबत मरीही आली. मिळालं म्हणजे देव खूश, नाही मिळालं म्हणजे नाखूश, हे समीकरण या पुस्तकात बसतच नाही. नीतिमान असूनही सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र ते बसवायला गेले. शेवटी देव त्यांच्यातल्या अलीफजाला म्हणाला, तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, आता ईयोब तुमच्यासाठी प्रार्थना करील आणि मी त्याचं ऐकेन. ज्याच्या पापाची सगळे चौकशी करत होते, त्याच्याच रदबदलीवर चौकशी करणारे वाचले.

सारसबागेतल्या मित्राचं म्हणणं राहिलं. त्याच्याकडे आकडे आहेत. १८७२ साली फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञांनी दाखवलं की ज्यांच्या दीर्घायुष्यासाठी सगळं राज्य प्रार्थना करतं ते राजेच इतर सुखवस्तू लोकांपेक्षा कमी जगतात. २००६ साली अमेरिकेत बायपास झालेल्या १८०२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रार्थना होत आहे की नाही याची खात्री नसलेल्यांत, ती झालेल्या आणि न झालेल्या गटांमध्ये, गुंतागुंतीचं प्रमाण ५२ आणि ५१ टक्के. आपल्यासाठी नक्की प्रार्थना होत आहे असं ज्यांना सांगितलं त्यांच्यात ५९ टक्के. हे आकडे मी नाकारत नाही. नवसाला पावणाऱ्या देवाची टर तुकोबांनी देहूत बसून कधीच उडवली आहे. त्यांना सांख्यिकी लागली नाही. मला एवढंच वाटतं की मित्र आणि प्रचारक दोघांच्या डोळ्यांसमोर यंत्र एकच आहे : नाणं टाका, वस्तू येईल. एकजण म्हणतो वस्तू येत नाही म्हणून यंत्र खोटं. दुसरा म्हणतो तुमचं नाणं खोटं. बापाशी बोलणाऱ्या लेकराला या दोघांपैकी कुणाशीच वाद घालता येत नाही. पण मित्र निदान मावशींना दोष देत नाही, हे त्याच्या बाजूनं नोंदवायला हवं.

मग आज्ञापालनाचा उपयोग काय? आज्ञा पाळता पाळता माणसाचं मागणं बदलतं. ज्यानं खरोखर मजुराचे पैसे वेळेवर द्यायचं मनावर घेतलं, त्याच्या प्रार्थनेत मजुराचं नाव येऊ लागतं. आणि त्या प्रार्थनेचं उत्तर कधी कधी त्याच्याच खिशात निघतं. योहान म्हणतो ते ‘मागतो ते मिळतं’ मला तरी असं समजलं आहे. दारू सोडलेल्या बापाच्या घरातही हेच झालं. त्याचं आज्ञापालन म्हणजे देवाला दिलेली किंमत नव्हती. बायकोनं वर्षानुवर्षं केलेल्या प्रार्थनेचं ते उत्तरच होतं.

हे सगळं लिहिताना माझीही एक नोंद वहीत जायला हवी. मी आमच्या चर्चच्या कमिटीचा खजिनदार आहे. मावशींची वही पाहिली त्याच महिन्यात आम्ही तीन दिवसांची उपास-प्रार्थना ठेवली होती. मांडव, खुर्च्या, भाड्याची साउंड सिस्टिम, बाहेरून आलेल्या वक्त्यांचं जाणं-येणं. पैसे कमी पडले म्हणून वॉचमनचा पगार पुढं ढकलला. दुसऱ्या महिन्यातही ढकलला. चेकबुक माझ्याकडे होतं. तो गडी तिन्ही दिवस फाटकाशी उभा राहून गाड्या लावून घेत होता आणि आत आम्ही यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय मोठ्यानं वाचत होतो. ‘मजुरांना राबवून घेता’ हे वचन वाचून झाल्यावर सर्वांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं.

पुढच्या मीटिंगमध्ये मी सुचवलं की यापुढं प्रत्येक उपास-प्रार्थनेच्या सुरुवातीला पहिली दहा मिनिटं मंडळीकडे कुणाकुणाचं काय थकलं आहे ते वाचून दाखवावं. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग एक ज्येष्ठ सभासद, मोदकाच्या वादात पहिल्या तटाचे, समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘ते आपण कमिटीत बघू, सर. प्रार्थनेत हिशेब कशाला?’

वॉचमनचा पगार त्या शुक्रवारी झाला. मावशींच्या घरी डायलिसिसचे वार मंगळवार आणि शुक्रवारच आहेत. वहीची पहिली सहा पानं आता तिच्यात नाहीत. सातव्यापासून तारीख, आधीचं वजन, नंतरचं वजन, असे तीन रकाने आखले आहेत.